क्षची पट्टी : प्रस्तावना

३क्ष + ५ = ८क्ष असे लिहिणारे मूल वेंधळे नसते. सहा-सात वर्षे शाळेने त्याला एकच शिस्त लावलेली असते: बेरजेचे चिन्ह दिसले की बेरीज करायची, बरोबरचे चिन्ह आले की पुढे उत्तर लिहायचे, आणि उत्तर म्हणजे एक संख्या. ती शिस्त ते इमानाने पाळते. ३क्ष + ५ हे आपल्या जागी पुरे आहे, त्यात करण्यासारखे काही उरलेले नाही, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते. ‘सजातीय पदांचीच बेरीज होते’ हा नियम फळ्यावरून वहीत उतरतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ होतो. मग बाजू बदलली की चिन्ह बदलते, कंसाबाहेर उणे असेल तर आतली चिन्हे उलटतात, अशी नियमांची रांगच लागते. पाठांतर चांगले असलेली मुले या रांगेतून पार होतात. बाकीची आठवीत मागे पडतात, नववीत गप्प होतात आणि दहावीला गणित भाग १ मध्ये काठावर पास होण्यापुरते पाहतात.

त्या बाकीच्या मुलांना शिकवणाऱ्या बाई आणि सरांसाठी हे पुस्तक आहे. पुठ्ठ्याच्या फरश्या, दोन रंगांच्या सोंगट्या, तराजू, रंगीत कांड्या अशा हाताळता येणाऱ्या वस्तूंनी बीजगणित शिकवता येते का, कोणत्या वस्तूने नेमके काय साधते आणि ती वस्तू कुठे दगा देते, हा त्याचा विषय. गणित रंजक करणे हा हेतू नाही. मुलाला अर्थ लागावा, एवढाच आहे.

वस्तू आणि आकृती ही बीजगणितात मागाहून, कच्च्या मुलांसाठी आणलेली सोय आहे, असा एक समज शिक्षकांतही आढळतो. इतिहास नेमका उलटा आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मीने वर्गसमीकरणांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात आजच्या अर्थाने एकही चिन्ह नाही. सगळे शब्दांत, आणि पटवून द्यायला आकृती. एका संख्येचा वर्ग आणि तिची दहापट मिळून ३९ होतात, तर ती संख्या कोणती? तो एक चौरस काढतो. दहापटीचे दोन सारखे भाग करून पाच-पाच रुंदीच्या दोन पट्ट्या चौरसाच्या लगतच्या दोन बाजूंना जोडतो. कोपऱ्यात एक खाच उरते, पाच गुणिले पाचची. ती भरली की ३९ चे ६४ होतात आणि आकृती पुरा चौरस बनते. त्याची बाजू ८, म्हणून संख्या ३. आपल्या नववी-दहावीच्या मुलांना ‘पूर्ण वर्ग पद्धती’ म्हणून जे शिकवले जाते ते हेच. फक्त तो चौरस त्यांना बहुधा दाखवला जात नाही. सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग दोन्ही बाजूंना का मिळवायचा, याचे उत्तर त्या रिकाम्या कोपऱ्यात आहे.

चीनमध्ये समीकरणे काड्या मांडून सोडवत. ‘नऊ प्रकरणे’ या प्राचीन ग्रंथाचा तिसऱ्या शतकातला भाष्यकार ल्यू हुई धन संख्यांसाठी लाल आणि ऋण संख्यांसाठी काळ्या काड्या सांगतो. आपल्याकडे ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या क्रियांचे नियम दिले. भारतीय परंपरेत पहिल्या अव्यक्त राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि पुढच्यांना रंगांची नावे देत: कालक, नीलक, पीतक, लोहितक.

भास्कराचार्यांवर मात्र जरा थांबायला हवे. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात (११५०) दोन अव्यक्त राशींच्या गुणाकाराचे, म्हणजे ‘भाविता’चे, एक उदाहरण आहे. एका राशीची चौपट, दुसरीची तिप्पट आणि वर २ मिळवले की त्या दोघींच्या गुणाकाराइतके होते. आजच्या लेखनात क्षय = ४क्ष + ३य + २. समीकरण एकच, अव्यक्ते दोन. भास्कराचार्य इथे आयत मांडतात. लांबी क्ष, रुंदी य. त्यातून क्ष लांबीच्या चार पट्ट्या आणि य लांबीच्या तीन पट्ट्या बाजूला काढायच्या. कोपऱ्यातला ४ गुणिले ३ चा तुकडा दोन्हीकडे मोजला जातो, म्हणून तो १२ चा हिशोब राखायचा. उरलेल्या लहान आयताचे क्षेत्रफळ १२ आणि २ मिळून १४ भरते, आणि त्याच्या बाजू क्ष − ३ व य − ४. आता १४ चे अवयव पाडले की उत्तरे हातात: ४ आणि १८, ५ आणि ११, याच रीतीने आणखीही. ग्रंथकार पुढे सांगतात की उपपत्ती दोन प्रकारची असते, एक क्षेत्रगत आणि एक राशिगत, आणि ज्यांना क्षेत्रगत उमगत नाही त्यांना राशिगत दाखवावी. दोन्ही वाटांना सारखा मान आहे, आणि कोणती वाट घ्यायची ते शिकणाऱ्यावरून ठरते. चाळीसगावजवळच्या पाटण गावात १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. ज्या मातीत हा अभ्यास चालला, तिथल्याच शाळांत आज आयत बाजूला ठेवून फक्त सूत्र शिकवले जावे, याची मला मनापासून खंत वाटते.

ज्ञात आणि अज्ञात अशा दोन्ही राशींसाठी अक्षरे वापरण्याची रीत फ्रान्सच्या व्हिएटने १५९१ मध्ये मांडली आणि आजच्या लेखनाची धाटणी १६३७ मध्ये देकार्तच्या ग्रंथापासून रुळली. म्हणजे अल्-ख्वारिज्मीच्या चौरसापासून त्या अक्षरांपर्यंत यायला आठशे वर्षे गेली. आपण तेच अंतर सातवीच्या मुलाकडून बैजिक राशींच्या एका प्रकरणात कापून घेऊ पाहतो.

शाळेच्या वर्गात वस्तू आणण्याचा आधुनिक विचार विसाव्या शतकातला. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह सुरू केले. त्यांच्या साधनांत द्विपदी घन आहे: आठ रंगीत ठोकळे, जे नीट जुळले की पेटीत एक घन बसतो. चार वर्षांचे मूल ते कोडे म्हणून जुळवते. त्यात एक मोठा घन, एक लहान घन आणि तीन-तीन चपट्या व लांबट ठोकळ्यांचे दोन संच असतात. (अ + ब)³ चे विस्तारसूत्र त्याच्या बोटांना आधी कळते आणि नाव कित्येक वर्षांनी मिळते. मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या. त्यापूर्वीच १९२६ मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघाची उभारणी केली होती. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत बिया, शंख-शिंपले, पाने अशा भोवतालच्या वस्तूंनीच शिक्षणाची साधने घडवली. महागड्या लाकडी संचावाचून हे काम अडत नाही, याचा पुरावा महाराष्ट्रात असा घरचाच आहे.

बेल्जियममधल्या थ्यूँ गावचे शिक्षक जॉर्ज क्विझनेर यांनी एक ते दहा सेंटीमीटरच्या रंगीत कांड्या केल्या आणि १९५२ मध्ये त्यांवर पुस्तक काढले. केलेब गॅटेनो यांनी त्या जगभर नेल्या. गॅटेनोंचे धाडस असे की ते कांड्यांना आकडे चिकटवण्याआधी अक्षरे देत. ही कांडी आणि ती कांडी मिळून तिसरीएवढी होते, हे नाते आधी, आणि किती सेंटीमीटर ते नंतर. सोव्हिएत संघात दाविदोव्ह आणि त्यांचे सहकारी याच विचाराने आणखी पुढे गेले. पहिलीतली मुले दोन दोऱ्या, दोन भांड्यांतले पाणी यांची तुलना करत आणि संख्या शिकण्याआधी ‘अ हे ब पेक्षा जास्त’ असे लिहीत. अंकगणित आधी आणि बीजगणित नंतर, हा क्रम देवाने घालून दिलेला नाही, हे या दोघांनी दाखवले.

पण आपल्या पुस्तकाचा खरा पूर्वज झोल्तान डीनेश. जन्माने हंगेरियन असलेल्या या गणितज्ञाने १९६० च्या सुमारास मांडलेला विचार असा: एकच कल्पना मुलाला वेगवेगळ्या रूपांत भेटली पाहिजे, म्हणजे रूप गळून कल्पना उरेल. हार्वर्डमध्ये जेरोम ब्रुनर यांच्याबरोबर त्यांनी आठ वर्षांच्या चार मुलांपुढे लाकडी तुकडे ठेवले: एक मोठा चौरस, काही पट्ट्या, काही लहान चौरस. याहून मोठा चौरस करा आणि काय केले ते लिहून ठेवा, एवढेच काम. मुलांनी क्ष² + २क्ष + १, मग क्ष² + ४क्ष + ४, मग क्ष² + ६क्ष + ९ असे चौरस केले आणि त्यातला क्रम त्यांना दिसला. तोच क्रम पुढे कड्या अडकवायच्या तराजूवरही पडताळला. कृती, प्रतिमा, चिन्ह अशा ज्या तीन पायऱ्यांसाठी ब्रुनर प्रसिद्ध आहेत, त्यांना अशा प्रयोगांचा आधार आहे. आपल्या डी.एड.च्या पुस्तकातले ‘मूर्ताकडून अमूर्ताकडे’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असते. मधली, चित्राची पायरी मात्र त्यात हरवते, आणि कच्ची मुले बरोबर तिथेच पडतात.

ती मधली पायरी दोघांनी जपली. सिंगापूरने १९८० च्या दशकात मूर्त, चित्र, अमूर्त हा क्रम आपल्या अभ्यासक्रमाचा कणा केला आणि शाब्दिक उदाहरणांसाठी आयताकृती पट्ट्या काढण्याची रीत रुळवली. दुसरीकडे अमेरिकेतल्या विशेष शिक्षणाच्या अभ्यासकांनी हाच क्रम अध्ययनात अडचणी असलेल्या मुलांसाठी काटेकोर पाठांत बांधला. विट्झेल, मर्सर आणि मिलर यांच्या २००३ च्या अभ्यासात सहावी-सातवीतल्या अशा मुलांना समीकरणे दोन रीतींनी शिकवली. वस्तू, चित्र, चिन्ह या वाटेने गेलेली मुले थेट चिन्हांनी शिकलेल्या तशाच मुलांच्या पुढे राहिली, पाठांनंतर लगेच आणि काही आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीतही.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता साधनांची भलामण करणे शिक्षकांना फसवणे होईल. डेबोरा बॉल यांनी १९९२ मध्ये एका गाजलेल्या लेखात बजावले की गणित वस्तूत भरलेले नसते. मोठ्यांना ते तिथे दिसते, कारण त्यांना ते आधीच ठाऊक असते. मुलाला पुठ्ठा दिसतो. मेक्सिकोत फिलोय आणि रोखानो यांनी अव्यक्त दोन्ही बाजूंना असलेली समीकरणे तराजू आणि क्षेत्रफळ यांच्या आधाराने शिकवून पाहिली. काही मुले त्या आधारालाच चिकटून बसली आणि चिन्हांकडे सरकेनात. तराजूच्या पारड्यात उणे तीन किलो ठेवता येत नाही, ही अडचण तर कोणत्याही शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात भेटते. २०१३ मध्ये कार्बोनो आणि सहकाऱ्यांनी ५५ अभ्यास एकत्र करून पाहिले. वस्तूंचा फायदा सरासरीने दिसला, पण तो लहान ते मध्यम, आणि शिकवणाऱ्याने दिशा कशी दिली त्यावर बराचसा अवलंबून.

याहून मोठा धोका आपल्याकडे रोज घडतो. ‘२ आंबे आणि ३ आंबे मिळून ५ आंबे, पण आंबे आणि पेरू मिसळायचे नाहीत’, असे सांगून सजातीय पदे शिकवली जातात. मुले लगेच मान डोलावतात. पण इथे अ म्हणजे आंबा झाला, आंब्यांची संख्या किंवा किंमत नव्हे. ब्रिटनमध्ये डायटमार कुचेमन यांनी १९८१ मध्ये दाखवले होते की पुष्कळ मुले अक्षराकडे संख्या म्हणून न पाहता वस्तू म्हणून पाहतात. मग २अ × ३अ आले की आंबे गुणिले आंबे म्हणजे काय, याला उत्तर नसते. हे उदाहरण वर्गातून कायमचे जावे, असे माझे ठाम मत आहे.

फरश्यांचा संच इथेच वेगळा ठरतो. पुठ्ठ्याचा लहान चौरस घ्या, बाजू २ सेंटीमीटर. हा १. पट्टी २ सेंटीमीटर रुंद आणि सव्वासात सेंटीमीटर लांब. ही क्ष. सव्वासातचा चौरस, तो क्ष². सव्वासात का? लहान चौरस शेजारी शेजारी लावून पट्टीची लांबी नेमकी भरता येऊ नये म्हणून. सहा किंवा आठ सेंटीमीटरची पट्टी दिली की वर्गातले कोणीतरी हमखास तीन किंवा चार चौरस लावून पाहते, आणि क्ष म्हणजे ३ हे त्याच्या मनात पक्के बसते. पण सव्वासातही पुरे नाही. दुसऱ्या गटाला साडेनऊ सेंटीमीटरची पट्टी द्यावी. दोन्ही गटांनी आपापले आयत जुळवले आणि वहीत एकच राशी उतरली, की मुले एकमेकांच्या बाकांकडे वाकून बघतात. डीनेश यांना म्हणायचे होते ते तिथे घडते.

क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव पाडायचे आहेत. एक मोठा चौरस, पाच पट्ट्या, सहा लहान चौरस; सगळे वापरून आयत करायचा. मूल आधी सहा लहान चौरस एका ओळीत लावते. मग पट्ट्या सात लागतात, हातात पाचच. ओळ मोडून दोन ओळी तीन-तीनच्या होतात, आणि आता तीन पट्ट्या एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला चपखल बसतात. बाजू वाचल्या की क्ष + ३ आणि क्ष + २. ‘ज्यांची बेरीज ५ आणि गुणाकार ६ अशा दोन संख्या शोधा’ हे वाक्य बाईंनी सांगायच्या आधी मुलाच्या हाताने केलेले असते. त्याच बैठकीत चौकटीच्या वहीवर तो आयत काढायचा, आणि चित्राखाली समीकरण लिहायचे. चित्र उद्यासाठी आणि चिन्ह परवासाठी राखून ठेवले की दोन्ही सुटी राहतात.

हे आत्ताच का? ‘असर’च्या ग्रामीण भारताच्या पाहण्यांत, २०२२ मध्ये आणि २०२४ मध्येही, आठवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले नाही. तीच मुले त्याच वर्षी बहुपदींचा भागाकार शिकत असतात. कोविडच्या काळात ज्यांचा अपूर्णांकांचा, ऋण संख्यांचा पाया सुटला, ती आता माध्यमिक वर्गांत बसली आहेत. मागचे सगळे भरून काढू आणि मग पुढे जाऊ, असे म्हणण्याइतका वेळ कोणत्याच शाळेकडे नाही. बीजगणित शिकता शिकताच अंकगणित दुरुस्त व्हावे लागेल. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांबरोबर या दिशेने केलेले काम मोलाचे आहे. १९ − ७ + ४ सारख्या राशीकडे ‘पदे’ म्हणून पाहायला शिकवले की अंकगणित आणि बीजगणित यांतला सांधा जुळतो, हा त्यांचा गाभा, आणि या पुस्तकाने तो उघडपणे घेतला आहे.

महाराष्ट्रात साधनांची चळवळ आहे. ‘नवनिर्मिती’चे कृतियुक्त गणित आहे, अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातून घरोघर पोहोचवलेली टाकाऊतून केलेली खेळणी आहेत. पण शाळेच्या कपाटातले गणिताचे साहित्य बहुतेक प्राथमिकपाशी थांबते. माध्यमिकला आले की मणी आणि पट्ट्या लहान मुलांच्या ठरतात. चौदा वर्षांच्या मुलाला लहान ठरवले जाण्याचा सल खोल असतो. म्हणून या पुस्तकात एक अट सर्वत्र पाळली आहे: फरश्या सगळ्या वर्गाच्या हातात द्यायच्या, फक्त मागच्या बाकांवर नाही. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांना क्षय = ४क्ष + ३य + २ द्या. त्यांनाही पुठ्ठा लागतो.

पुस्तकाची रचना साधनांप्रमाणे नाही, अडचणींप्रमाणे आहे. बरोबरचे चिन्ह, ऋण संख्या, अक्षराचा अर्थ, कंस, अवयव, दोन बाजूंची समीकरणे अशा ज्या ठिकाणी मुले अडतात, तिथे कोणती वस्तू, किती वेळ आणि ती केव्हा काढून घ्यायची, हे सांगितले आहे. ‘केव्हा काढून घ्यायची’ यावर आम्ही सर्वांत जास्त खल केला. वर्गातल्या अनुभवावरून एक खूण ठरली: मूल तुकडे न जुळवता नुसते त्यांच्याकडे बघून लिहू लागले की चित्रावर जायचे, आणि चित्र अर्धवट सोडून लिहू लागले की चिन्हांवर. अडले तर एक पायरी मागे यायला कोणाचीच आडकाठी नको.

काही गोष्टी इथे नाहीत. (क्ष − ३)(क्ष − २) फरश्यांनी दाखवण्याच्या कसरती गाळल्या आहेत. क्षेत्रफळ उणे असते असे मुलाला वाटू लागणे हा नफ्याचा व्यवहार नाही. ऋण संख्या लाल-काळ्या सोंगट्यांच्या शून्य जोड्यांनी शिकवून, असे गुणाकार आडव्या-उभ्या तक्त्यात मांडायला सांगितले आहे. मोबाइलवरच्या फरश्याही नाहीत. त्या वाईट नाहीत, पण ज्या वर्गात एका बाकावर तिघे बसतात तिथे पुठ्ठाच चालतो. लग्नपत्रिका आणि साड्यांची खोकी यांतून साठ मुलांचे संच दोन तासिकांत कापून होतात, आणि ते मुलांनीच कापावेत. मापे पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर खऱ्या आकारात छापली आहेत. पहिला संच मात्र शिक्षकांनी स्वतः कापावा आणि क्ष² + ७क्ष + १२ चा आयत घरी एकदा जुळवून पाहावा. बारा चौरस किती तऱ्हांनी मांडता येतात आणि त्यांतली एकच मांडणी सात पट्ट्यांशी का जमते, ते कागदावर न सोडवता हातानेच पाहावे, आणि मग पान उलटावे.